फळ्यांखालची नळी

ब्रिटनमधल्या जुन्या घराची जमीन पोकळ असते. मुंबई-पुण्यात स्लॅबवर वाढलेल्या माणसाच्या हे ध्यानात यायला वेळ लागतो. चालताना पायाखाली होणारा आवाज, मुले धावली की कपाटात किणकिणणाऱ्या कपबश्या, कोपऱ्यात किंचित दबणारी फळी, या सगळ्याचे कारण तेच. भिंतीपासून भिंतीपर्यंत लाकडी कड्या टाकलेल्या असतात, साधारण ४० सेंटिमीटरवर एक. त्यांवर फळ्या ठोकलेल्या असतात आणि वरच्या मजल्याला खालून छत लावलेले असते. आपल्या वाड्यांतल्या कडीपाटाच्या जवळची ही रचना. वाड्यात मात्र पाटावर मातीचा नाहीतर चुन्याचा थर येई आणि जमीन भरीव होई. इथे तसा थर नाही. फळी आणि छत यांच्यामध्ये वीतभर पोकळी राहते आणि पाणी, गॅस, वीज, हीटिंग यांची ये-जा त्या पोकळीतून चालते.

या पुस्तिकेत त्या पोकळीतला एकच प्रश्न घेतला आहे. तांब्याची पाण्याची नळी कडीला आडवी न्यायची असेल तर कडी कुठे कापावी, किती कापावी आणि कशी कापावी? विषय लहान वाटेल. पण इमारतींच्या सांगाड्याचे काम करणारा इंजिनियर म्हणून मी जी जुनी घरे पाहिली, त्यांतल्या हलणाऱ्या आणि झोल आलेल्या जमिनींचे कारण पुष्कळदा इथेच सापडले. लाकूड कुजलेले नव्हते, घराचा पाया खचलेला नव्हता. कुणीतरी नळीसाठी कडीला खाच मारली होती, पुढच्याने ती खोल केली होती, आणि त्यानंतर आलेल्याने शेजारी आणखी एक मारली होती.

लंडनमध्ये महाराष्ट्र मंडळ १९३२ पासून आहे. ब्रिटनमधली मराठी वस्ती नवी नाही, आणि गेल्या काही दशकांत शंभर-सव्वाशे वर्षांची विटांची घरे विकत घेऊन त्यांत राहणारी मराठी कुटुंबेही पुष्कळ झाली आहेत. घर घेतले की न्हाणीघर नवे करायचे असते, स्वयंपाकघर मागे वाढवायचे असते, एखादा रेडिएटर हलवायचा असतो. प्लंबर येतो, फळ्या उचलतो, काम करतो, फळ्या ठोकतो आणि जातो. मधल्या वेळात खाली काय झाले ते घराच्या मालकाने पाहिलेले नसते, आणि पाहिले तरी काय पाहायचे ते ठाऊक नसते. ते ठाऊक असावे म्हणून हे लिहिले आहे. वाचणाऱ्याने स्वतः करवत हातात घ्यावी अशी अपेक्षा नाही. फळ्या उघड्या असताना त्याने गुडघ्यावर बसून आत बघावे आणि दोन नेमके प्रश्न विचारावेत, एवढी मात्र आहे.

ज्या सुताराने ही घरे बांधली त्याने या नळ्या गृहीत धरल्या नव्हत्या, ही गोष्ट आधी समजून घ्यावी लागते. व्हिक्टोरियन काळातल्या साध्या ओळघरात पाणी शिशाच्या नळीने मागच्या स्वयंपाकघरापर्यंत येई आणि संडास परसात असे. वरच्या मजल्याच्या कड्यांवर माणसे, पलंग आणि कपाटे यांचाच भार यायचा होता. बाल्टिककडून आलेल्या पाइनच्या त्या कड्या त्या भाराला पुरेशा होत्या. मग दिव्यांसाठी गॅस आला आणि छताच्या मध्यावर लोखंडी नळी न्यायला कड्यांना पहिल्या खाचा पडल्या. मग वीज आली. मग मागची झोपायची खोली न्हाणीघर झाली. दुसऱ्या महायुद्धानंतर नव्या कामात शिशाची जागा तांब्याने घेतली. १९६२-६३ चा हिवाळा इंग्लंडमध्ये १७४० नंतरचा सर्वांत थंड ठरला. घरोघरी नळ्या गोठण्याचे ते दिवस. पुढे दोनेक दशकांत घरांमागून घरांत सेंट्रल हीटिंग बसले. प्रत्येक रेडिएटरला एक जाणारी आणि एक येणारी अशा दोन नळ्या लागतात. घरभर रेडिएटर म्हणजे फळ्यांखाली नळ्यांचे जाळे. आज जुन्या घरातली एखादी कडी उघडी केली तर गॅसची गंजलेली नळी, विजेची जुनी तार आणि तांब्याच्या नळ्यांची जोडी शेजारी शेजारी दिसते, आणि प्रत्येकीची खाच वेगळी असते.

मुंबईच्या जुन्या चाळींत पाण्याचे नळ बाहेरच्या भिंतीवरून उघडे चढतात. तिथे पाणी गोठत नाही, म्हणून ते चालते. ब्रिटनमध्ये पाण्याची नळी घराच्या आत, उबेत ठेवावी लागते. पाणी गोठले की आकारमानाने सुमारे नऊ टक्के वाढते, आणि ती वाढ बंद नळीत कोंडली गेली की नळी फुटते. तळमजल्याच्या कड्यांखाली तर वारा खेळावा म्हणून भिंतीत मुद्दाम जाळ्या ठेवलेल्या असतात. लाकूड कोरडे राहायला तो वारा हवाच, पण उघड्या नळीला तोच हिवाळ्यात गोठवतो. म्हणून तळमजल्याखालची थंड पाण्याची नळीही जाड आवरणात गुंडाळावी लागते. हे आवरण जागा खाते हे लक्षात ठेवावे. खाचेचा हिशेब करताना बहुतेक जण ते विसरतात.

आता नळीकडे येऊ. तांब्याबद्दल मराठी घरात वेगळे सांगायला नको. देवघरातले ताम्हण आणि पळी, पाण्याचा तांब्या, परसातला बंब, पुण्याची तांबट आळी, हे सगळे आपल्या ओळखीचे. ब्रिटिश घरात हा धातू सडपातळ नळीच्या रूपात येतो. घरकामातल्या नेहमीच्या जाड्या १५, २२ आणि २८ मिलिमीटर. हे माप बाहेरून घेतलेले असते. १९७० च्या दशकाआधीच्या नळ्या इंचात आहेत आणि त्यांचे माप आतल्या पोकळीचे आहे. जुन्या पाऊण इंची नळीला नवी २२ मिलिमीटरची नळी सरळ जोडता येत नाही, त्यासाठी वेगळा सांधा लागतो, हे अनेकांना फळ्या उचलल्यावरच कळते. १५ मिलिमीटरच्या नेहमीच्या नळीच्या भिंतीची जाडी ०.७ मिलिमीटर असते. हा आकडा पुढे लागणार आहे.

ही नळी सरळ आणि ताठ मिळते, सहसा ३ मीटर लांबीची. दोन कड्यांमधले मोकळे अंतर असते सुमारे ३५ सेंटिमीटर. कडीच्या मध्यावर भोक पाडून तीन मीटरची ताठ नळी त्यात ओवायची कशी? ती तिरकी करायलाही जागा नाही. यातूनच सगळा प्रश्न निर्माण होतो. भोकात ओवता येत नाही म्हणून प्लंबर कडीच्या वरच्या कडेला खाच मारतो, नळी वरून अलगद खाली ठेवतो आणि फळी ठोकतो. कामाच्या सोयीने पाहिले तर यात त्याचे काही चुकत नाही. फक्त कडीच्या दृष्टीने त्याने सर्वांत महागाची जागा कापलेली असते.

महागाची का, ते नीट सांगतो, कारण एवढे समजले की बाकीचे नियम पाठ करावे लागत नाहीत. कडीवर भार आला की ती किंचित वाकते. तिच्या वरच्या बाजूचे लाकूड दाबले जाते आणि खालच्या बाजूचे ताणले जाते. सर्वांत जास्त दाब अगदी वरच्या कडेला, सर्वांत जास्त ताण अगदी खालच्या कडेला, आणि उंचीच्या मध्यावर एक रेषा अशी की जिथे वाकण्यामुळे ना दाब येतो ना ताण. गॅलिलिओने १६३८ च्या ग्रंथात तुळईची ताकद तिच्या उंचीच्या वर्गाच्या प्रमाणात असते हे बरोबर सांगितले होते, पण आतला ताण कसा वाटला जातो ते त्याला नेमके मांडता आले नाही. तो हिशेब १८२६ मध्ये फ्रान्सच्या नाव्हियेच्या ग्रंथात पक्का झाला. आजचे नियम त्याच हिशेबावर उभे आहेत.

२०० मिलिमीटर उंचीची कडी घ्या. तिच्या वरच्या कडेला २५ मिलिमीटर खोल खाच मारली तर त्या जागी १७५ मिलिमीटर लाकूड उरले. उंची आठव्या हिश्शाने घटली, पण ताकद वर्गाने घटते, म्हणून त्या छेदाची जवळपास चौथाई ताकद गेली. आता खाच न मारता त्याच कडीच्या बरोबर मध्यावर ५० मिलिमीटरचे भोक पाडा. खाचेच्या खोलीच्या दुप्पट व्यासाचे भोक, आणि वाकण्याविरुद्धच्या ताकदीतली घट दोन टक्क्यांहूनही कमी. घरमालकांना मी हे आकडे आवर्जून सांगतो, आणि ते ऐकल्यावर फळ्यांखाली पाहण्याची त्यांची नजर बदललेली मी पाहिली आहे.

मग मध्यावर कुठेही भोक चालेल का? नाही. जाड वही वाकवली की पाने एकमेकांवरून सरकतात. लाकडाचे थरही तसेच सरकू पाहतात, आणि ही ओढ उंचीच्या मध्यावर सर्वाधिक असते, त्यातही कडीच्या टोकांजवळ, भिंतीलगत. म्हणून टोकाजवळ भोक नको. उलट वाकण्याचा जोर गाळ्याच्या, म्हणजे दोन आधारांमधल्या अंतराच्या, मध्यभागी सर्वाधिक आणि टोकांकडे कमी, म्हणून खाच मारायचीच असेल तर ती भिंतीच्या बाजूला, गाळ्याच्या मध्यावर कधीही नाही.

ब्रिटनमध्ये साध्या भरीव लाकडी कड्यांसाठी जे नियम पाळले जातात ते या दोन वाक्यांचेच आकडे आहेत. खाचेची खोली कडीच्या उंचीच्या आठव्या हिश्शापर्यंत, आणि तिची जागा आधारापासून गाळ्याच्या ०.०७ ते ०.२५ पट अंतरात. भोकाचा व्यास उंचीच्या चौथ्या हिश्शापर्यंत, मध्यरेषेवर, आणि आधारापासून गाळ्याच्या ०.२५ ते ०.४ पट अंतरात. दोन भोकांच्या मध्यांत भोकाच्या व्यासाच्या किमान तिप्पट अंतर, आणि खाच व भोक यांच्यात किमान १०० मिलिमीटर. चार मीटरच्या गाळ्यात याचा अर्थ असा की भिंतीपासून २८ सेंटिमीटर ते १ मीटर हा खाचेचा पट्टा आणि १ मीटर ते १ मीटर ६० हा भोकाचा पट्टा. कडी २५० मिलिमीटरहून उंच असेल तर हे आकडे लावू नयेत, इंजिनियरकडून हिशेब करून घ्यावा.

आता हा नियम जुन्या घराला लावून पाहा. सात इंच, म्हणजे सुमारे १७८ मिलिमीटर उंचीची कडी त्या काळच्या घरांत नेहमी आढळते. तिचा आठवा हिस्सा २२ मिलिमीटर. २२ मिलिमीटरची नळी त्या खाचेत जेमतेम बसते. तिच्याखाली फेल्टची पट्टी घालायला जागा नाही, आवरण गुंडाळायला नाही, आणि फळी नळीला टेकलेली. कडी सहा इंची असेल तर मर्यादा १९ मिलिमीटरची, आणि मग २२ची नळी खाचेतून नेताच येत नाही. तरी ती नेलेली असते. त्याच सहा इंची कडीच्या मध्यावर ३८ मिलिमीटरचे भोक मात्र नियमात बसते.

यात भर पडते ती न्हाणीघराची. टबात पाणी आणि माणूस मिळून पाव टनाचा भार सहज होतो, आणि नळ्यांची सर्वाधिक गर्दीही नेमकी त्याच कड्यांवर. सर्वांत जास्त कापलेल्या कड्यांवर सर्वांत जास्त भार, ही मांडणी ब्रिटिश घरांत इतकी सर्रास आहे की न्हाणीघर नव्याने करताना फळ्या उचलून कड्या तपासणे मी सक्तीचे मानतो. घरमालकाने त्याचे वेगळे पैसे द्यावे लागले तरी द्यावेत. खोल खाच सापडली तर शेजारी नवी कडी बोल्टने जोडता येते, किंवा पोलादी पट्टी लावता येते. फळ्या उघड्या असताना हे काम सोपे असते, टाइल बसल्यावर फार अवघड.

खाचेतल्या नळीला आणखी एक धोका असतो, खिळ्याचा. ०.७ मिलिमीटरच्या भिंतीतून खिळा सहज जातो. कधी कधी तो स्वतःच भोक बुजवून बसतो आणि नळी गळत नाही. खिळा गंजत राहतो आणि काही वर्षांनी एखाद्या दिवशी छतावर ओल दिसते, तेव्हा फळी कुणी ठोकली ते कुणाला आठवतही नसते. म्हणून खाचेवर पोलादी पट्टी बसवावी आणि खाली नळी आहे अशी खूण फळीवर करावी. मध्यावरच्या भोकातून जाणाऱ्या नळीला हा धोका जवळपास राहत नाही.

रात्री हीटिंग सुरू झाले की जमिनीतून टकटक येते, आणि नव्याने राहायला आलेली माणसे घाबरतात. तांबे गरम झाले की लांबते. दहा मीटर सरळ नळी १५ अंशांवरून ६५ अंशांवर गेली की साधारण साडेआठ मिलिमीटर वाढते. घट्ट खाचेत ती अडकते, मग सुटते आणि सुटताना आवाज करते. थोडी रुंद खाच आणि खाली फेल्टची पट्टी एवढ्याने आवाज जातो. खाच रुंद करायला हरकत नाही, खोल करायला आहे.

सांध्यांबद्दल पुस्तिकेत वेगळे प्रकरण आहे, इथे फक्त आगीचे सांगतो. तांब्याची नळी डाख देऊन जोडतात. पिण्याच्या पाण्याच्या नळ्यांवर शिसे असलेली डाख वापरायला बंदी आहे, आणि आजची कथिल-तांब्याची डाख सुमारे २२७ अंशांना वितळते. पण ज्योत हजार अंशांच्या वर असते, आणि ती शंभर वर्षे वाळलेल्या लाकडाच्या, भुशाच्या, कोळ्याच्या जाळ्यांच्या आणि जुन्या कागदांच्या मध्ये पेटलेली असते. लाकडात धुमसणारी ठिणगी काम संपल्यावरही तासभराने पेट घेऊ शकते. शक्य तितके सांधे बाहेर जोडून मग नळी आत ठेवावी, आत डाख द्यावीच लागली तर मागे उष्णतारोधक चटई लावावी, जवळ पाणी ठेवावे, आणि नंतर तासभर घर सोडू नये. दुपारी चार वाजता शेवटचा सांधा झाळून साडेचारला निघून जाणाऱ्या कारागिराला थांबवण्याचा हक्क घरमालकाला आहे आणि त्याने तो बजावावा.

मग उपाय काय? पहिला उपाय आखणीचा. कड्या कोणत्या दिशेने आहेत ते पाहून नळी शक्य तितकी कड्यांना समांतर, दोन कड्यांच्या मधल्या मोकळ्या जागेतून न्यावी. कड्या ओलांडायच्याच असतील तर एकदाच, भिंतीजवळच्या परवानगीच्या पट्ट्यात, आणि जुनी योग्य खाच मोकळी असेल तर तीच वापरून. नळी दोन मीटरने लांबली तरी चालेल. काही कारागीर बाहेरच्या भिंतीला भोक पाडून अख्खी ताठ नळी कड्यांच्या भोकांतून बाहेरून सारतात. घराची जागा तशी असेल तर हा उत्तम मार्ग आहे.

दुसरा उपाय तांब्याच्या चाहत्यांना आवडणार नाही, आणि त्यांच्यात मीही आहे. जिथे अनेक कड्या ओलांडायच्या आहेत तिथे लवचिक प्लास्टिकची नळी वापरावी. वेटोळ्यातून ती सोडत जावी आणि मध्यावरच्या भोकांतून ओढत न्यावी, मधे एकही सांधा न करता. तिच्या मर्यादाही आहेत. उंदीर ती कुरतडतात. हीटिंगसाठी प्राणवायू रोखणारा थर असलेलीच नळी लागते, नाहीतर रेडिएटर आतून गंजतात. बॉयलरलगतचा पहिला मीटरभर भाग तांब्याचाच ठेवतात. आणि तांब्याच्या नळ्यांचा सलग मार्ग मधे तोडला तर विजेच्या अर्थिंगची तपासणी इलेक्ट्रिशियनकडून करून घ्यावी लागते. तरीही आठ कड्यांच्या माथ्यावर खाचा मारण्यापेक्षा आठ कड्यांच्या मध्यावर भोके पाडणे मला नि:संशय बरे वाटते. तांबे उघड्यावर, बॉयलरपाशी आणि भिंतीवर शोभते, टिकते आणि दुरुस्तही करता येते. कड्यांच्या पोटात त्याचा ताठपणा आड येतो.

नव्या घरांत भरीव कड्यांऐवजी इंग्रजी आय अक्षराच्या आकाराच्या कड्या असतात, वरखाली दोन लाकडी पट्ट्या आणि मधे पातळ फळी. त्यांच्या वरच्या-खालच्या पट्ट्यांना कधीही, मिलिमीटरभरही खाच मारू नये. भोके मधल्या फळीत, उत्पादकाच्या तक्त्याप्रमाणेच. फ्लॅटमध्ये राहणाऱ्यांनी आधी करारपत्र वाचावे, कारण पायाखालच्या कड्या पुष्कळदा त्यांच्या मालकीच्या नसतात आणि कापायला परवानगी लागते.

हे वाचून मुंबईतल्या वाचकाला आपल्या जुन्या उपकरप्राप्त इमारती आठवतील. त्यांतल्या कित्येकींच्या जमिनी लाकडी तुळयांवर आणि कड्यांवर आहेत, आणि नंतर घातलेल्या मोऱ्या-न्हाणीघरांच्या ओलीने त्या लाकडाचे काय झाले ते तिथल्या रहिवाशांना ठाऊक आहे. तिथला मुख्य शत्रू ओल आणि वाळवी, इथला मुख्य शत्रू करवत, म्हणून या पुस्तिकेतले आकडे जसेच्या तसे तिकडे लावू नयेत. कडी कशी भार घेते ते मात्र दोन्हीकडे सारखेच आहे.

पुस्तिकेची पहिली तीन प्रकरणे घरमालकासाठी आहेत आणि उरलेली कामाच्या तपशिलाची. घाईत असाल तर फक्त शेवटचे पान काढून प्लंबर येण्याच्या आदल्या दिवशी वाचा. फळ्या ठोकण्याआधी करायच्या गोष्टी तिथे क्रमाने दिल्या आहेत. नळीत नेहमीच्या कमाल दाबाच्या दीडपट दाब भरून तासभर तो उतरत नाही ना हे पाहणे, डाख धरण्यासाठी सांध्यांवर लावलेला फ्लक्स पुसणे, प्रत्येक खाचेची खोली पट्टीने मोजणे. मोजपट्टी शेजारी धरून दोन कड्यांमधल्या प्रत्येक मोकळ्या जागेचा फोटो काढा, आणि भिंतीपासूनचे अंतर फळीच्या खालच्या बाजूला पेन्सिलने लिहा. पुढे कधी ती फळी उचलणारा माणूस बहुधा मराठी वाचणारा नसेल, तेव्हा आकडे इंग्रजी लिपीत आणि मिलिमीटरमध्ये लिहा.